विश्लेषण : शाळेची फी, शैक्षणिक कर्ज, बुडालेली ठेव... यात आमदार नेमके काय करू शकतात?

शाळेची फी वाढली, बँक कर्ज देत नाही किंवा सहकारी बँकेतील ठेव अडकली, की पनवेलकर सर्वात आधी आमदारांचे कार्यालय गाठतात. पण यातील कोणता प्रश्न विधानभवनात सुटतो, कोणता रिझर्व्ह बँकेत आणि कोणता थेट शाळेच्या पालक सभेत? कर्नाळा बँकेच्या अनुभवासह समजून घेऊया.

पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, खारघर, कळंबोली या पट्ट्यात शाळा आणि महाविद्यालयांची कमतरता नाही. बालवाडीपासून अभियांत्रिकी, वैद्यकीयपर्यंत सगळे शिक्षण दहा-बारा किलोमीटरच्या आत मिळते. त्यामुळेच मुंबईतून इकडे घर घेणाऱ्या कुटुंबांचे महिन्याचे गणित दोन आकड्यांभोवती फिरते. एक घराचा हप्ता, दुसरा मुलांची फी. दुसरा आकडा डोईजड झाला की तोही हप्त्यात बदलतो. म्हणजे शिक्षणाचा खर्च आणि कर्जाचा व्यवहार हे आता दोन वेगळे विषय राहिलेले नाहीत. कायद्याच्या पुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या पानांवर आहेत.

कोणाच्या हातात काय?

राज्यघटनेत विषयांच्या तीन याद्या आहेत. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. बँकिंग हा पूर्णपणे केंद्राचा विषय. सावकारी आणि सहकारी संस्था हे राज्याचे विषय.

याचा सरळ अर्थ असा, की खासगी शाळेच्या फीवर, सावकारावर आणि पतपेढीवर विधानसभा कायदा करू शकते. पण बँकेचा किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपनीचा व्याजदर, दंड आणि वसुलीची पद्धत यावर तिचा अधिकार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत बिगर बँकिंग वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा तो निकाल आहे. त्यामुळे 'अॅपवरून कर्ज देणाऱ्या कंपनीला आमदारांनी दम द्यावा' ही मागणी कितीही रास्त वाटली तरी कायद्याचे दार तिथे नाही.

आमदारांकडे असलेली हत्यारे वेगळी आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा आणि अशासकीय विधेयक. प्रश्न सभागृहात आला की खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते आणि मंत्र्यांचे आश्वासन नोंदीवर राहते. आमदार निधी मात्र स्थानिक विकासकामांसाठी असतो. त्यातून एखाद्या विद्यार्थ्याची वैयक्तिक फी भरता येत नाही.

फीवाढीवर विधिमंडळाने काय केले?

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा या विषयातील मुख्य कायदा. तो राज्यातील खासगी शाळांना लागू आहे. बोर्ड कोणतेही असो. अंमलबजावणी सुरू व्हायला २०१४ उजाडले आणि २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली.

कायद्याचा गाभा असा, की फी ठरवताना शाळेला पालकांना विश्वासात घ्यावे लागते. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. त्याची कार्यकारी समिती असते आणि त्यावरील पालकांची निवड इच्छुकांमधून सोडत काढून होते. शाळेने फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा. एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. शाळेने मागितलेली आणि समितीने मंजूर केलेली फी यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते.

पालकांच्या बाजूने मात्र अट कडक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर शाळेतील किमान २५ टक्के पालक एकत्र आले, तरच त्यांची तक्रार विभागीय समितीपुढे जाते. एक हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत हा आकडा शेकड्यांत जातो. गृहसंकुलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संताप व्यक्त करणारे दोनशे जण मिळतात, सही करायला वीसही पुढे येत नाहीत, हा बहुतेक पालकांचा अनुभव. 'आपल्या मुलाला त्रास होईल' ही भीती त्यामागे असते. ती भीती कायद्यातील कोणत्याही कलमाने जात नाही. २५ टक्क्यांची अट बदलायची असेल, तर ते काम विधिमंडळाचेच आहे. इथे आमदारांना विचारायचा प्रश्न खरा आणि नेमका आहे.

तोपर्यंत पालकांच्या हातात काय उरते? वर्षाच्या सुरुवातीला कार्यकारी समितीच्या सोडतीसाठी नाव देणे. फी मंजूर झालेल्या बैठकीचे इतिवृत्त मागणे. पावतीवर शिक्षण शुल्काखेरीज कोणत्या नावाने किती रक्कम लावली आहे, ते पाहणे. फी थकली म्हणून आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे.

सरकारचा आदेश न्यायालयात अडकतो तेव्हा...

सगळेच निर्णय कायदा करून होत नाहीत. बरेचसे शासन निर्णय किंवा अधिसूचनेने होतात. त्यांचे आयुष्य किती, ते न्यायालयात ठरते.

करोनाकाळात राज्य सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी शासन निर्णय काढून २०२१-२२ साठी शालेय फीमध्ये १५ टक्के कपात करायला सांगितले. राजस्थानमधील शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात दिलेला निकाल त्यामागे होता. या शासन निर्णयालाही शाळांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले.

दुसरे उदाहरण २५ टक्के राखीव जागांचे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. दाट वस्तीच्या नवीन पनवेल, कामोठ्यासारख्या भागात ही सूट टिकली असती, तर गरीब घरातील किती मुलांसमोर खासगी शाळेचे दार बंद झाले असते, याचा अंदाज नकाशावर एक किलोमीटरचे वर्तुळ काढून कोणीही घेऊ शकतो.

मुलींच्या फीमाफीत काय मिळते, काय नाही?

अलीकडच्या काळातील सर्वात मोठा निर्णय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. आधी ही सवलत ५० टक्के होती. या निर्णयामुळे राज्यावर सुमारे ९०६ कोटी रुपयांचा अतिरिक्त भार येईल, असे त्यावेळी सांगण्यात आले.

अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही. दुसरी, माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप हा खर्च घरालाच करायचा आहे. तिसरी, उत्पन्नाचा दाखला आणि जातीसंबंधीची कागदपत्रे वेळेत लागतात. तहसील कार्यालयातील दाखल्यांची रांग जून-जुलैमध्येच सर्वात लांब असते, त्यामुळे ते काम आधी उरकलेले बरे.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यामागे २०१५ चा राज्याचा कायदा आहे. प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. महाविद्यालयाच्या खिडकीवर सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात.

कर्जाचा हप्ता कुठे फुगतो?

आता दुसरी बाजू. समजा, कामोठ्यातील एका कुटुंबाने मुलाच्या चार वर्षांच्या पदवीसाठी पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. दरवर्षी सुरुवातीला सव्वा लाख रुपये मिळतात. व्याज १० टक्के. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्त्यात सूट.

या पाच वर्षांत 'हप्ता नाही' याचा अर्थ 'व्याज नाही' असा नसतो. सरळ व्याजाने पाचव्या वर्षाच्या शेवटी १ लाख ७५ हजार रुपये साचतात. परतफेड सुरू होते ती ६ लाख ७५ हजारांवर. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे ११,२०० रुपये. हेच व्याज शिक्षण सुरू असतानाच भरत गेलो, तर हप्ता सुमारे ८,३०० रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिन्याला साधारण १,०४० रुपये लागतात, चौथ्या-पाचव्या वर्षी सुमारे ४,१७० रुपये. सात वर्षांच्या हप्त्यांत वाचतात जवळपास २ लाख ४४ हजार.

हे गणित प्रस्तुत बातमीदारालाही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी कळले. चार सेमिस्टर गणित शिकूनही कर्जाच्या कागदांवर वडिलांनी आणि मी वाचून सही केली नव्हती. कर्जाच्या रकमेतच विम्याचा हप्ता मिळवलेला होता. तो ऐच्छिक होता, हे नंतर समजले.

शाळेच्या फीसाठीच्या 'बिनव्याजी हप्त्यां'चे तेच. समजा, वर्षाची फी ९० हजार. एकरकमी भरली तर शाळा ५ टक्के सूट देते, म्हणजे ८५,५००. हप्त्याने भरायची तर बारा महिने साडेसात हजार आणि सुरुवातीला १,८०० रुपये प्रक्रिया शुल्क, वर जीएसटी, एकूण २,१२४. कागदावर व्याज शून्य. प्रत्यक्षात ६,६२४ रुपये जास्त जातात आणि त्याचा वार्षिक दर सुमारे १४ टक्के पडतो. हप्ते घेऊच नयेत असे नाही. पण 'शून्य' हा शब्द वाचून सही करू नये.

रिझर्व्ह बँकेचे कोणते नियम उपयोगी?

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. त्यात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवसांहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण वाचून निर्णय घ्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा नियम आहे. अॅपवरून घेतलेल्या कर्जात किमान एक दिवसाचा 'विचार बदलण्याचा काळ' असतो. त्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज परत करून बाहेर पडता येते. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाहीत.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झाली. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, तसेच आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्तेसुटीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत असे तिचे स्वरूप आहे. व्याज सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे आधी तपासावे.

कर्नाळा बँकेने काय शिकवले?

शिक्षणासाठी कर्ज टाळायचे तर बचत हवी आणि बचत सुरक्षित जागी हवी. पनवेलला हे वेगळे सांगायला नको.

कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे मुख्यालय पनवेलचे. माजी आमदार आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते विवेक पाटील हे बँकेचे अध्यक्ष होते. त्यांनी पनवेल आणि नंतर उरणचे विधानसभेत प्रतिनिधित्व केले. फेब्रुवारी २०२० मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे ७६ जणांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. ६३ बनावट कर्जखात्यांतून ५०० कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा आरोप आहे. हा पैसा कर्नाळा चॅरिटेबल ट्रस्ट आणि कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीशी संबंधित खात्यांत गेला, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. पाटील यांना १५ जून २०२१ रोजी अटक झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला.

ठेवीदारांच्या आंदोलनात पनवेलचे आमदार प्रशांत ठाकूर आणि भाजप नेते किरीट सोमय्या पुढे होते. त्याला पनवेलच्या जुन्या राजकीय स्पर्धेची किनारही होती. पण पैसे परत मिळाले ते प्रामुख्याने केंद्राच्या ठेव विम्यातून. ४ फेब्रुवारी २०२० रोजी या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे म्हटले होते. उरलेल्या, म्हणजे पाच लाखांहून जास्त ठेवी असलेल्यांची वाट लांबली. संचालनालयाने जप्त केलेल्या सुमारे ३८६ कोटींच्या मालमत्तांच्या लिलावाचा मार्ग विशेष न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ मध्ये मोकळा झाला. बँकेला टाळे लागल्यानंतर तब्बल चार वर्षांनी. तेव्हा दहावीत असलेला मुलगा एव्हाना पदवीला पोहोचला.

ज्या घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी जमिनीच्या मोबदल्याची किंवा निवृत्तीची रक्कम एकाच बँकेत ठेवली, त्यांच्यासाठी ही चार वर्षे म्हणजे हुकलेले प्रवेश किंवा नव्याने काढलेले कर्ज.

मग पनवेलकरांनी काय करावे?

बचतीबाबत : एका बँकेत एका नावावर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विमा असतो. वेगवेगळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. जास्त रक्कम असेल तर बँका वेगळ्या ठेवाव्यात. पतपेढी म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही, मग व्याज एक-दोन टक्के जास्त का असेना.

कर्जाबाबत : मुख्य तथ्य विवरण मागा, वार्षिक दर वाचा, विमा ऐच्छिक आहे का ते विचारा. शक्य असेल तर शिक्षण सुरू असतानाच व्याज भरा. जुन्या करप्रणालीत असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध मात्र राज्याचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते आणि तिथे आमदारांचा पाठपुरावा खरोखर उपयोगी पडतो.

फीबाबत : आमदारांना निवेदन देताना 'फी कमी करा' एवढेच लिहू नका. २५ टक्के पालकांची अट शिथिल करण्यासाठी दुरुस्ती आणणार का? विभागीय समितीपुढे किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हा प्रश्न सभागृहात विचारणार का? असे नेमके लिहा. पहिल्या निवेदनावर फार तर शाळेला एक फोन जातो. दुसऱ्यावर सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढच्या वर्षी फीची पावती हातात आल्यावरही नोंदीवर असते.